पोथी कुठवर आली?

आमच्या शिवरे गावात भातलावणी उरकली की पोथी लागायची. आषाढ सरलेला, अंगावरचा चिखल धुतलेला, रानात पुढचे काही दिवस फारसं काम नाही. देवळात चौरंगावर लाल फडक्यातली पोथी सोडली जाई. एक वाचणारा, एक सांगणारा. वाचणारा चार ओव्या म्हणे आणि सांगणारा त्या आपल्या बोलीत उलगडे.

पोथी बहुतेक श्रीधरस्वामींची. 'हरिविजय' १७०२चा, 'रामविजय' १७०३चा, 'पांडवप्रताप' १७१२चा. बारामतीत बसून लिहिलेलं 'शिवलीलामृत' १७१८चं. ही माणसांना ऐकवण्यासाठीच रचलेली पुस्तकं. कवी जागोजागी श्रोत्यांना हाक मारतो, कथा अडवतो, पुन्हा सोडतो. 'पांडवप्रतापा'चे अध्याय ६४. रात्री एक धरला तरी दोन महिने जातात, आणि तेवढे दोन महिने सगळं गाव एकाच पुस्तकाच्या मधोमध असायचं.

मला या चालीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. पोथी पूर्ण झाल्यावर तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे. समाप्तीला प्रसाद वाटला की विषय संपला. बोलणं व्हायचं ते मधल्या दिवसांत. सकाळी बांधावर भेटलेला माणूस विचारी, "काय, कुठवर आली पोथी?" मग द्यूताचा अध्याय झाला असेल तर धर्मराजाची काही धडगत नसे. माझे एक चुलते ठासून म्हणत, "बायकोचं राहू द्या, आधी राज्य लावलं ना डावावर? जमीन लावणाऱ्याला घरात कुणी अडवलं कसं नाही?" गावात गहाणवटीत जमिनी गेलेली घरं होती, त्यामुळे या वाक्यावर कुणी हसत नसे. पुढं काय होणार हे सगळ्यांना पाठ होतं, तरी आज जेवढं वाचलं तेवढ्यावरच भांडायचं, असा अलिखित करार होता.

बायका देवळात मागं बसत आणि तिथं बोलत नसत. त्यांचं बोलणं पहाटे जात्यावर व्हायचं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी मुळशीपासून सुरुवात करून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत सीतेचा वनवास आहे, तिचा सासुरवास आहे, आणि कैकयी चक्क सासूसारखी छळणारी आहे. 'रामविजय' ऐकून बायकांचं काय मत झालं, ते कुठल्या समीक्षेत सापडणार नाही. या ओव्यांत सापडतं. माझी आजी रामाविषयी कधी वावगं बोलली नाही, पण दळताना तिच्या ओव्या सीतेकडून असत.

काही माणसांना देवळात मागं बसायलाही जागा नव्हती. गावकुसाबाहेरच्यांनी ऐकायचं ते लांबून, आणि अर्थ विचारायची सोय नाहीच. म्हणून या चालीचं कौतुक करताना मी जरा हात राखून करतो. तिला खरं उत्तर दिलं ते जोतीराव फुल्यांनी. त्यांचं घराणं शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या खानवडीचं. त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३मध्ये पुरा झाला, पण तो लिहीत असतानाच त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. इथं अजून संपायचं होतं ते लिखाणच, आणि ऐकणारे होते ज्यांच्याविषयी ते लिहिलं होतं तेच. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या 'दीनबंधू' पत्रानं पहिले दोन भाग छापले, पुढचे छापले नाहीत. ओतूरच्या शेतकऱ्यानं ऐकलेलं सगळंच काही छापखान्याला झेपलं नाही.

त्याच काळात पुण्या-मुंबईत मताची दुसरी तऱ्हा रुजत होती. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७मध्ये निघालं, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४मध्ये. पुस्तक पूर्ण वाचावं, तोलावं, मग सही करून मत द्यावं. या शिस्तीनं मराठीचं भलं झालं, यात शंका नाही. पण याच 'निबंधमाले'नं फुल्यांच्या पुस्तकांतल्या व्याकरणाच्या चुका काढून त्यांची टर उडवली. ज्याला शुद्ध लिहिता येतं त्यालाच मत, असा धाक त्यातून बसला. आमच्या गावात शिकलेली पहिली पिढी पोथीवर वाद घालायला लाजू लागली, त्यात या धाकाचा वाटा मला दिसतो. बाकीचं काम टीव्हीनं केलं, आणि सातारा रस्त्याच्या कारखान्यांतल्या रात्रपाळ्यांनी. पोथीची वेळ आणि पाळीची वेळ एकच पडली.

पुस्तकं मात्र तेव्हापेक्षा आज कितीतरी जास्त आहेत. १९७५मध्ये 'ग्रंथाली'नं वाचक चळवळ उभी केली. २०१७मध्ये महाबळेश्वरजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत कपाटं आली. त्याचा मला आनंदच आहे. पण कपाटाशेजारी एक ठरलेली वेळ हवी, आणि तिथं अर्ध्यावर आलेल्या माणसाला बोलायची मुभा हवी. पूर्ण वाचून झाल्यावर आपण शहाण्यासारखं बोलतो. अर्ध्यावर असताना स्वतःच्या पोटातलं बोलतो. माझ्या चुलत्यांना समाप्तीपर्यंत थांबवलं असतं, तर ते धर्मराजाच्या राज्याभिषेकाला नमस्कार करून गप्प घरी गेले असते, आणि गहाण पडलेल्या जमिनींबद्दल गावात कुणी एक शब्द काढला नसता.