फेरफार कशावर करायचा?

जालन्याच्या मोंढ्यातली आडत असो की औद्योगिक वसाहतीतल्या सळई कारखान्याचे हिशेबखाते, संगणकावरचे अपडेट अडले की पहिला ठपका अपडेटवरच येतो. काल चालत होते, आज नवे घेतले आणि बिघडले, असा हा सरळ हिशेब. पडद्यावरचा मजकूर मात्र दुसरेच काही सांगत असतो. विंडोज इन्स्टॉलरची १६१२ क्रमांकाची चूक म्हणते की या प्रॉडक्टचा मूळ स्रोत मिळत नाही. १७०६ म्हणते की लागणाऱ्या फाइली सापडत नाहीत. म्हणजे तक्रार जुन्याची आहे. नवे दाराशी येऊन उभे आहे आणि ज्याच्यावर ते बसवायचे तेच घरात नाही. ही अडचण संगणकाबरोबर जन्मली असे मानण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्याने ती जमिनीच्या दप्तरात पाहिली, बियाण्यात पाहिली, आणि बियाण्याच्या धंद्याने तर तिच्यासाठी एक कडक शिस्तही घडवली. संगणकदुरुस्तीच्या धंद्यात ती शिस्त रुजली नाही. अशी अपडेटे फसतात त्याचे कारण यंत्रात कमी आणि या न रुजलेल्या शिस्तीत जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे.

‘फेरफार’ हा महसुली शब्दच घ्या. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, की तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर तिचा अंमल दिला जातो. फेरफार हा स्वतः हक्क नव्हे. आधी लिहिलेल्या हक्कात झालेला बदल तेवढा तो सांगतो. तीन एकरांतून एक एकर वजा करायचा तर ते तीन एकर कुठेतरी लिहिलेले असावे लागतात. सॉफ्टवेअरचा पॅच हा अक्षरशः असाच फेरफार असतो. म्हणूनच सातबारा संगणकावर चढवताना राज्यभर जे घोळ झाले ते निस्तरायला नवी आज्ञावली पुरली नाही. हस्तलिखित सातबारा काढून शेजारी ठेवावा लागला, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, आणि टंकताना पडलेल्या चुका महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांनी दुरुस्त करायच्या, असा मार्ग ठरला. ज्या गावाचे जुने पुस्तक शाबूत, त्या गावाची दुरुस्ती सोपी. जिथे पाने फाटली किंवा वाळवीने खाल्ली, तिथे खातेदाराच्या चपला झिजल्या.

बियाण्याची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिथे मूळ हरवले तर ते दुसऱ्या कुठल्या कार्यालयातून मागवता येत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. त्याआधी त्यांचा हात बसला होता तो पुसा सावनी या भेंडीच्या सरळ वाणावर. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखू शकतो; संकरित वाणाचे नाही. पुढच्या पिढीत गुण फुटतात, शेतात उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा येणारी झाडे एकत्र दिसू लागतात. त्यामुळे संकर दर हंगामात त्याच नर-मादीपासून नव्याने करावा लागतो. ज्वारीचा पहिला संकर, सीएसएच-१, १९६४ चा. बाजरीचा एचबी-१ त्यापुढच्या वर्षाचा. या पिकांत तर दोन पालकांवरही भागत नाही. एक नरवंध्य वाण, त्याला पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवणारा दुसरा, आणि फलनक्षमता परत देणारा तिसरा, अशा तीन ओळी वेगळ्या सांभाळाव्या लागतात. शेतकऱ्याच्या पिशवीत यांपैकी एकही नसते, पण एक जरी बिघडली तरी पुढच्या वर्षी ती पिशवीच भरत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर रूढ झालेली उतरंड हेच सांगते: पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित. ‘पायाभूत’ हा शब्द ज्याने योजला त्याला भाषा कळत होती. मग विलगीकरण अंतर आले, भेसळीची झाडे उपटणे आले, आणि बी खरेच त्याच वाणाचे आहे का हे पेरून पाहण्याची चाचणीही आली. जालना, जाफराबाद आणि शेजारचे देऊळगाव राजा या पट्ट्यात बीजोत्पादन हा रोजगार झाला तो या कटकटीवर. कटकट टाळून तो धंदा करताच आला नसता.

याच धंद्यात पुढे जे घडले ते तर पॅचचेच उदाहरण म्हणावे लागेल. बोंडअळीला मारणारे जनुक असलेल्या कोकर-३१२ या अमेरिकी कापसाचे १०० ग्रॅम बी महिकोने १९९६ मध्ये आणले. ते तसेच पेरून उपयोग नव्हता. तो वाण इथल्या रानाचा नव्हता. ते जनुक संकरातही थेट घालता येत नव्हते. ते घालायचे संकराच्या पालकात, आणि पुन्हा पुन्हा त्याच पालकाशी संकर करत परक्या वाणाचे बाकीचे गुण धुऊन काढायचे. मार्च २००२ मध्ये मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या बीटी कपाशींना केंद्राची परवानगी मिळाली, तेव्हा शेतकऱ्याला नवे तंत्रज्ञान दिसले. त्यामागचे जुने पालक वाण वर्षानुवर्षे कुणी जपले नसते तर ते १०० ग्रॅम बी प्रयोगशाळेतच राहिले असते. बीटीने पुढे शेतकऱ्याचे भले किती केले आणि बोंडअळीने तिला किती लवकर चकवले, हा वाद मोठा आहे आणि इथला नाही.

आता विंडोज. १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर आला आणि पुढे तो विंडोजचाच भाग झाला. प्रोग्राम बसवताना कोणती फाइल कुठे गेली, विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, काय लिहिले, याची सगळी यादी एमएसआय नावाच्या फाइलीत असते, आणि बसवणे संपल्यावर तिची एक प्रत विंडोजच्या आतल्या ‘इन्स्टॉलर’ या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. नाव असे चमत्कारिक, आकडे आणि अक्षरांची गिचमिड, की पाहणाऱ्याला कचराच वाटावा. अपडेट म्हणजे एमएसपी. त्यात मूळ यादीतले बदल असतात. अपडेट चालू झाले की आधी ती जपलेली यादी उघडली जाते, तिच्यावर बदल चढवले जातात आणि मग काम सुरू होते. यादी नसेल तर प्रोग्राम जिथून बसवला होता ती जागा शोधली जाते. आपल्याकडे ती जागा म्हणजे कुणाची तरी उसनी सीडी, नाहीतर दुकानदाराचा पेनड्राइव्ह, जो त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावी गेला. ऑफिस २००३ च्या वेळी एसकेयू०११ नावाची कॅब फाइल मागणारी खिडकी अनेकांनी पाहिली असेल. त्या ऑफिसने आपले मूळ सामान सी ड्राइव्हवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये राखून ठेवले होते, आणि जागा करायची म्हणून तोच फोल्डर आधी उडवला जाई. विंडोज ७ पासून जपलेल्या प्रतीत आतले कॅबचे गठ्ठेही राहू लागले, त्यामुळे इन्स्टॉलर फोल्डर फुगत गेला, आणि ‘संगणक हलका करून देतो’ म्हणणाऱ्याची नजर त्यावर पडली. गंमत अशी की पुसल्यावर काहीच होत नाही. प्रोग्राम सुरू होतो, पावत्या छापतो, महिनोन् महिने चालतो. पालक वाण हरवल्याचे चालू हंगामात कळत नाही, ते पुढच्या पेरणीला कळते. इथेही दोष उघडा पडतो तो पुढच्या अपडेटला. तोवर पुसणारा विसरलेला असतो.

दुरुस्ती कशी होते हे पाहिले तर हे साम्य शब्दांपुरते नाही, हे पटेल. जाणकार आधी इन्स्टॉलरची सविस्तर नोंद, म्हणजे लॉग, चालू करतो आणि कोणत्या प्रॉडक्टची कोणती प्रत कोणत्या नावाने मागितली जात आहे ते वाचतो. मग त्याच आवृत्तीचा मूळ संच शोधतो, त्यातली एमएसआय किंवा आधीच्या अपडेटची एमएसपी काढतो, हरवलेल्या प्रतीचे नाव तिला देतो आणि जागेवर ठेवतो. एसक्यूएल सर्व्हरची अपडेटे अशी इतकी अडली की मायक्रोसॉफ्टने हरवलेल्या फाइलींची यादी काढणारी एक छोटी आज्ञावलीच दिली. शेजारच्या संगणकातून त्याच गिचमिड नावाची फाइल उचलून आणणे चालत नाही, कारण ती नावे प्रत्येक संगणकावर वेगळी पडतात. आणि नाव जुळवले तरी आतला पॅकेज कोड जुळला नाही तर इन्स्टॉलर ती नाकारतो. पिशवीवरचे लेबल पाहून बीजप्रमाणीकरण होत नाही, तसेच हे.

यावर पहिला आक्षेप असा की दोष वापरणाऱ्याचा नसून बनवणाऱ्याचा आहे. बदल करायला जुनी प्रत लागावी अशी रचनाच का केली? आक्षेपात तथ्य आहे. महत्त्वाची वस्तू लपवून ठेवायची, तिला अगम्य नाव द्यायचे आणि ती कशासाठी आहे हे सांगायचे नाही, याला चांगली रचना म्हणत नाहीत. मायक्रोसॉफ्टने स्वतःचे इन्स्टॉलर क्लीनअप हे साधन २०१० मध्ये मागे घेतले, कारण त्यानेही काही ठिकाणी दुसऱ्या प्रोग्रामांचे नुकसान होत होते. पण जुन्यावर बदल चढवायची पद्धत टाकावी म्हटले तर मागे फिरायची सोयही जाते: अपडेट नको वाटले तर आधीच्या स्थितीला येण्यासाठी तेच मूळ लागते. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: फॉर्मॅट मारा आणि नव्याने बसवा, अर्ध्या दिवसाचे काम. घरच्या संगणकाला हे ठीक. जिथे दहा वर्षांचा हिशेब, जुन्या यंत्रणेचा परवाना आणि तो बसवून देणारा माणूस यांपैकी शेवटचे दोन हाती नाहीत, तिथे फॉर्मॅट म्हणजे उपाय नव्हे. तिसरा आक्षेप सांगतो की आता अपडेटे पूर्ण येतात, ब्राउझर तर न विचारता स्वतःला बदलतो, तेव्हा हा प्रश्न इतिहासजमा होत आहे. काही अंशी खरे. पण खुद्द विंडोजच्या घटकांबाबत ०x८००एफ०८१एफ ही चूक आजही भेटते आणि तिचा अर्थही तोच: स्रोत सापडला नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मूळ जपा म्हणता, पण ते असते कुणाच्या ताब्यात? बियाण्यात पालक वाण कंपनीच्या कुलपात असतात आणि शेतकरी दरवर्षी दुकानात जातो. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती विक्रेता हवी तेव्हा काढून घेतो. शिवाय मूळ एकच असले तर तेही धोक्याचे. सुरुवातीच्या एचबी मालिकेतल्या बाजरीच्या संकरांची मादी एकच होती, जॉर्जियातून आलेली टिफ्ट २३ए; १९७० नंतरच्या काही वर्षांत गोसावी रोग आला तेव्हा ते संकर एकदमच बसले. हे सारे मान्य आहे, आणि त्यानेच माझे म्हणणे बळकट होते. मूळ दुसऱ्याच्या हाती आहे म्हणून त्याची काळजी सोडायची नसते; आपल्या वाट्याची प्रत आपल्याकडे, शक्यतो दोन जागी ठेवायची असते.

ती न ठेवल्याचे मोल या जिल्ह्याने अलीकडेच मोजले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि जुने दप्तर उर्दूत व मोडीत होते. जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याचे तालुके आधी औरंगाबाद व परभणीत होते, तेव्हा कागदही विखुरलेलेच. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आरक्षणाबद्दल कुणाचे मत काहीही असो, समितीचे काम होते कुणबी असल्याच्या मूळ नोंदी शोधण्याचे: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, १९५१ चे राष्ट्रीय रजिस्टर. गठ्ठे सोडवले गेले, मोडी आणि उर्दू वाचणारे हुडकावे लागले, हैदराबादच्या दप्तरापर्यंत जावे लागले. माणसांच्या आयुष्याच्या प्रश्नाला संगणकाच्या चुकीशेजारी बसवणे काहींना खटकेल, आणि दोन्हींची किंमत एक नाहीच. पण प्रमाणपत्र द्यायला निघालेल्या कार्यालयाला अडवणारे वाक्य तेच होते: मूळ सापडत नाही.

तेव्हा सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली तर चित्रपट हलवा, लग्नाचे व्हिडिओ हलवा, डाउनलोडचा ढीग रिकामा करा. नवा प्रोग्राम बसवणाऱ्याकडून त्याचा मूळ संच मागून घ्या आणि आवृत्तीचा आकडा लिहून कपाटात ठेवा. आणि विंडोजच्या आतला इन्स्टॉलर नावाचा फोल्डर, कितीही मोठा दिसला तरी, तेवढा राहू द्या.