फाट्याची सुधारणा करताना पर्यावरणाची छाननी होते का? कर्जत-खालापूरच्या उदाहरणातून समजून घेऊ

कर्जतचा चार फाटा, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा चौक फाटा, खोपोलीकडे जाताना लागणारे छोटे-मोठे तिठे. या भागात राहणाऱ्या किंवा शनिवार-रविवारी फार्महाऊसला येणाऱ्या प्रत्येकाला ही नावं माहीत आहेत. (चौक हे इथे गावाचंच नाव आहे, त्यामुळे घोळ नको म्हणून या लेखात रस्ते मिळतात त्या जागेला आपण फाटाच म्हणू.) अशा एखाद्या फाट्यावर अपघात वाढले की मागणी येते: सर्कल करा, रस्ता रुंद करा, हायमास्ट लावा. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या झाडांवर रंगाने आकडे पडलेले दिसतात आणि प्रश्न सुरू होतात. याला पर्यावरण परवानगी घेतली का? ती लागते का? लागत नसेल तर झाडं, ओढा, डोंगर यांचा विचार कुणी केला?

थोडक्यात उत्तर असं की ज्याला आपण 'पर्यावरण मंजुरी' म्हणतो ती फाट्याच्या कामाला बहुतेक वेळा लागत नाही. पण छाननी करणारे इतर पाच-सहा कायदे आहेत. ते वेगवेगळ्या ऑफिसांत विखुरलेले आहेत आणि कुणी विचारलं नाही तर त्यातला एखादा निसटतो.

छाननी म्हणजे नेमकं काय?

प्रकल्पाचा पर्यावरणावर किती परिणाम होईल याचा सविस्तर अभ्यास करायला महिने लागतात. म्हणून त्याआधी एक छोटा प्रश्न विचारायचा: या कामाला असा अभ्यास लागेल का? या पहिल्या प्रश्नाला छाननी म्हणतात. डॉक्टर सगळ्यांनाच एमआरआय करायला सांगत नाही, आधी नाडी बघतो, तसंच हे.

युरोपीय संघात ही नाडी प्रकल्प छोटा असला तरी बघता येते. तिथल्या नियमांत कामाचा आकार, जागेची संवेदनशीलता आणि परिणामाचं स्वरूप असे निकष दिले आहेत, आणि साधारण ९० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आयर्लंडसारख्या देशात एखाद्या गावाबाहेरच्या तिठ्याच्या सुधारणेसाठीसुद्धा नगरपालिका छाननीचा अहवाल तयार करते आणि लोकांसमोर ठेवते. निष्कर्ष बऱ्याचदा 'सविस्तर अभ्यासाची गरज नाही' असाच असतो. पण तो का, हे कागदावर लिहिलेलं असतं.

आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत कामांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे मर्यादा आहे. काम यादीत आलं तर प्रक्रिया सुरू, नाही आलं तर विषय संपला. महामार्गांचा उल्लेख या यादीत ७ (फ) या नोंदीत आहे. नवीन राष्ट्रीय महामार्गाला मंजुरी लागते. असलेल्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाची मर्यादा आधी ३० किलोमीटर होती. २२ ऑगस्ट २०१३ ला ती १०० किलोमीटरवर नेली, शिवाय जादा जागा ४० मीटरहून जास्त लागत असेल तरच, अशी अट घातली (वळणरस्ता किंवा नवीन आखणी असेल तर ६० मीटर). फाट्याचं काम असतं तीनशे-चारशे मीटरचं. ते या यादीच्या जवळपासही जात नाही.

राज्य महामार्गाच्या बाबतीत मात्र एक बारीक खाच आहे. समुद्रसपाटीपासून १००० मीटरवरच्या डोंगराळ भागात किंवा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात राज्य महामार्गाचं रुंदीकरण असेल तर मंजुरीचा प्रश्न येतो. कर्जत-खालापुरात १००० मीटरची अट लागू होत नाही, माथेरानच मुळात ८०० मीटरच्या आसपास आहे. 'संवेदनशील क्षेत्र' ही दुसरी अट मात्र इथे लागू होऊ शकते. फाट्याच्या कामाला खातं सहसा 'सुधारणा' म्हणतं, 'रुंदीकरण' म्हणत नाही. तोच फाटा उद्या चौपदरी होणाऱ्या रस्त्याचा तुकडा असेल तर शब्दांचा हा खेळ तपासायला हवा. उत्तराखंडात चारधाम रस्त्याचे सुमारे ९०० किलोमीटर ५३ तुकड्यांत विभागले गेले आणि प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली राहिला, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं.

पहिली चाळणी: माथेरानची रेषा

४ फेब्रुवारी २००३ ला केंद्राने माथेरान आणि परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. क्षेत्रफळ २१४.७३ चौरस किलोमीटर, त्याभोवती २०० मीटरचा पट्टा वेगळा. नाव माथेरानचं असलं तरी रेषा खाली उतरून कर्जत, खालापूर, पनवेल आणि ठाणे जिल्ह्याच्या काही भागात येते. या रेषेच्या आत झाड तोडायचं तर ते सरकारी असो, खाजगी असो की महसुली, आधी परवानगी लागते.

म्हणून कुठल्याही फाट्याबद्दल पहिला प्रश्न हाच: जागा रेषेच्या आत की बाहेर? अंदाजाने सांगू नका. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर घेऊन अधिसूचनेशी जुळवून बघा.

याशिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा आहे. २०१४ पासून तो पुन्हा पुन्हा निघतोय, जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाला. गावांची यादी त्याला जोडलेली आहे. पण त्याचा भर खाणी, औष्णिक वीज, लाल वर्गातले कारखाने आणि मोठी बांधकामं यांवर आहे. फाट्याच्या कामाला त्याचा थेट अडथळा नाही.

दुसरी चाळणी: झाडं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण कायदे दोन आहेत. कर्जत, खोपोली, माथेरान नगरपरिषदा आणि खालापूर नगरपंचायत यांच्या हद्दीत नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा चालतो. त्यात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस, हरकती असं सगळं येतं. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' ठरवलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली.

हद्दीबाहेर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, ऐन, खैर, हिरडा अशी १६ झाडं आहेत. वड आणि पिंपळ त्यात नाहीत! फाट्यावर सावली देणारं झाड बऱ्याचदा वडच असतं, त्यामुळे नगरपरिषदेच्या हद्दीच्या आत-बाहेर शंभर मीटरवर असलेल्या दोन वडांचं नशीब वेगळं असू शकतं.

तिसरी: वन

रायगडात सातबारा न बघता 'ही जागा वनाची नाही' असं म्हणू नये. राखीव वन वेगळं. १९७५ च्या कायद्याने संपादित झालेलं खाजगी वन वेगळं. त्याच्या नोंदी अनेक गावांत अजून वादात आहेत. वनजमीन लागत असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा येतो, ज्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. त्या दुरुस्तीने रस्त्यालगतच्या वनजमिनीला वस्तीच्या किंवा सुविधेच्या प्रवेशापुरती ०.१० हेक्टरपर्यंत सूट दिली.

ठाकूर-कातकरी वाड्यांच्या पोचरस्त्यासाठी वनहक्क कायद्याची एक तरतूद आहे: १ हेक्टरपर्यंत वनजमीन, हेक्टरी ७५ झाडांपर्यंत, ग्रामसभेच्या शिफारशीने. वाडीचा रस्ता मोठ्या रस्त्याला जिथे मिळतो त्या तोंडासाठी ती उपयोगी पडते. महामार्गाच्या सर्कलसाठी मात्र ती वापरू नये.

पाणी, मुरूम आणि उजेड

कर्जतमध्ये वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. फाटा रुंद केला की डांबराचा पृष्ठभाग वाढतो, जुनी मोरी तेवढीच राहते, आणि पुढच्या जुलैत पाणी भाताच्या खाचरात शिरतं. उल्हास नदी काय करू शकते हे २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने सगळ्या देशाला दाखवलं. नदीजवळच्या फाट्याचा भराव पूररेषेत येतो का हे जलसंपदा विभागाच्या नकाशावर बघावं लागतं. माझ्या मते फाट्याच्या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. झाडासाठी माणसं उभी राहतात, मोरीसाठी कुणी राहत नाही.

भरावाचा मुरूम कुठून आणणार, हा पुढचा प्रश्न. रस्त्यासारख्या कामांसाठी माती-मुरूम काढायला २०२० मध्ये पर्यावरण मंजुरीतून दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली. त्यानंतर नियम पुन्हा बदललेत, म्हणून कामाच्या वेळी जो नियम चालू असेल तो बघायचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती याच खालापूर तालुक्यात. त्या दुर्घटनेचा मुरूमाशी संबंध जोडायचं कारण नाही. पण ज्या तालुक्याचे उतार असे आहेत तिथे डोंगराचा पायथा कुठे खणला जातोय हे माहीत असलेलं बरं.

उजेडाला तर कुठलीच परवानगी लागत नाही. राजमाची-कोंढाणे परिसरात मे-जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते. काजवे उजेडाच्या इशाऱ्यानेच जोडीदार शोधतात, आणि हायमास्टचा पांढरा झोत त्यात व्यत्यय आणतो. फाट्यावर रात्री दिसायला हवं हे खरंच. वरून झाकलेले, खाली उजेड टाकणारे, पिवळसर दिवे लावले तर दोन्ही साधतं.

सुरक्षा की झाडं, असा पेच खरंच असतो का?

राष्ट्रीय महामार्गावर ब्लॅक स्पॉटची व्याख्या ठरलेली आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. अशा ठिकाणी काहीच करू नका असं म्हणणं माणसांच्या जिवाशी खेळ आहे. त्यामुळे काय करायचं, यावर बोलायला हवं.

चार रस्ते मिळतात तिथे गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी छेदतात किंवा भिडतात. एका लेनच्या सर्कलमध्ये ही संख्या ८ वर येते. अमेरिकेत, जिथे फक्त छोट्या रस्त्याला थांबण्याची पाटी होती अशा फाट्यांचं सर्कल केल्यावर गंभीर अपघात ८२ टक्क्यांनी कमी झाल्याचं तिथलं महामार्ग खातं सांगतं. आपल्या मिश्र वाहतुकीत आकडा तसाच येईल असं नाही, पण दिशा तीच. सर्कलला कोपऱ्यांची जागा लागते आणि झाडं नेमकी कोपऱ्यांवर असतात.

आता बघा, झाड अडचण करतं म्हणजे काय करतं? बहुतेक वेळा ते नजर अडवतं. आपल्याकडच्या रस्ते मानकांत चालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात. त्या उंचीवर आड येतात ती झुडपं, टपऱ्या, फ्लेक्स आणि वेड्यावाकड्या उभ्या केलेल्या टमटम. उंच वडाचा पर्णसंभार डोळ्याच्या कितीतरी वर असतो. आधी फ्लेक्स आणि टपऱ्या हलवा, खालच्या फांद्या छाटा, गतिरोधक पट्टे आणि रस्ता अरुंद भासवणारे दुभाजक द्या, बसथांबा फाट्यापासून पुढे न्या. एवढ्यावर भागलं नाही तर झाडाकडे वळा. खोड रस्त्याच्या अगदी कडेला असेल आणि गाडी त्यावर आदळत असेल तर प्रश्न वेगळा. तिथे कठडा किंवा झाड हलवणं हा विचार करावाच लागतो.

पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवर पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडांचा वाद वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये काढलं, आणि तरीही २०२३ मध्ये न्यायालयाने तोडीला परवानगी दिली. मधली वर्षं फाटकं तशीच राहिली. पर्यायांचा कागद पहिल्या दिवशी तयार असता तर वाद निदान लवकर मिटला असता, असं मला वाटतं.

घरबसल्या काय तपासता येतं?

आधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते बघा: सार्वजनिक बांधकाम, रस्ते विकास महामंडळ, जिल्हा परिषद की नगरपरिषद. मग महाभूनकाशावर गट नंबर शोधा आणि महाभूलेखवर त्याचा सातबारा उघडा. इतर हक्कांत वनाची नोंद आहे का ते कळेल. वनजमिनीचा प्रस्ताव असेल तर तो 'परिवेश' पोर्टलवर दिसतो.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र निविदेत असते. महाटेंडर्सवर त्या कामाची निविदा उघडा आणि कामांच्या परिमाणांचं पत्रक बघा. झाडं तोडण्याची बाब तिथे घेरानुसार वेगळी लिहिलेली असते: ३०० ते ६०० मिलिमीटर घेराची इतकी, ६०० ते ९०० ची इतकी. त्याच पत्रकात मोरीची बाब आहे का, भराव किती घनमीटर, दिवे कुठले, हेही कळतं. झाडावर आकडे पडायच्या कितीतरी आधी ही संख्या ठरलेली असते. ती परवानगीच्या अर्जातल्या संख्येशी जुळते का, एवढं माहिती अधिकारात विचारायला १० रुपये लागतात.