प्लंबराची खाज

धंद्याच्या नावाने ओळखले जाणारे रोग आम्ही पुष्कळ ऐकले. पण अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एका कृमीविकाराला लोकांनी ‘प्लंबराची खाज’ म्हणावे, हे आमच्या मनातून जात नाही. जणू प्लंबरानेच ती कुठून तरी अंगावर आणली!

तिकडची जुनी लाकडी घरे बुटक्या खांबांवर उभी असत. जमीन आणि फळ्या यांच्यामधल्या पोकळीतून नळ गेलेले. नळ गळला की प्लंबराने कोपरांवर सरपटत आत जायचे, पाठीवर पडून काम करायचे. कुत्री-मांजरे सावलीसाठी तेथेच येत आणि विष्ठाही तेथेच करीत. त्या विष्ठेतल्या अंकुशकृमीच्या अंड्यांना उबदार, ओलसर वाळू मिळाली की आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि उघडे अंग टेकताच कातडीत शिरतात. कुत्र्यामांजरांच्या शरीरात ही अळी पुढे आतड्यापर्यंत पोचते. माणसाच्या कातडीचा आतला पडदा मात्र तिला सहसा भेदता येत नाही. मग ती वरच्या थरातच नागमोडी पोखरत राहते. दिवसाला काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभर. लाल रेघ सरकत जाते आणि खाजेने रात्रीची झोप उडते. काही आठवड्यांनी अळी मरते. तोवर कामावर जायचेच असते.

लंडनच्या रॉबर्ट ली यांनी या सरकत्या रेघेचे वर्णन १८७४ मध्येच केले होते. फ्लॉरिडातील खाजेचे मूळ सापडायला पन्नास वर्षे लागली. जॅक्सनव्हिलचे त्वचारोगतज्ज्ञ कर्बी-स्मिथ यांनी डव्ह आणि व्हाइट या दोघा संशोधकांसह १९२६ मध्ये रोग्याच्या कातडीतच कृमीची अळी दाखवली. पुढे व्हाइट आणि डव्ह यांनी कुत्र्यामांजरांच्या अंकुशकृमीच्या अळ्या माणसाच्या कातडीवर सोडून तशीच रेघ उमटवली. जनावराचा कृमी, मालकाची जमीन आणि कामगाराची कातडी, हा हिशेब तेव्हा जुळला. नाव मात्र प्लंबराच्याच माथी राहिले.

उपचारही अघोरी. रेघेच्या टोकावर इथिल क्लोराइड फवारून कातडी गोठवीत. अळी बहुधा त्या टोकाच्या पुढे निघून गेलेली असे. फोड तेवढे रोग्याला मिळत. आज अल्बेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांनी काम भागते.

खबरदारी म्हणून पोकळीच्या तोंडाला जाळी ठोकावी आणि काम करणाऱ्याने अंगाखाली ताडपत्री घ्यावी. ताडपत्री प्लंबर स्वतः आणील हो. जाळीचे पैसे घरमालकाने द्यावेत.