सातारकर, कांताबाई व खेडकर फड

संगमनेर (जि. अहिल्यानगर) येथील नामवंत ढोलकीफड तमाशा. तुकाराम खेडकर यांच्या फडात कांताबाई सातारकर (१९३९–२५ मे २०२१) नर्तकी व नायिका म्हणून गाजल्या. जन्म गुजरातेतला, पण आडनाव साताऱ्याचे! शिवाजी, संभाजी अशा पुरुषभूमिकाही त्यांनी रंगवल्या. त्यांचा खरा दरारा तिथेच होता. १९६४ मध्ये तुकाराम वारल्यावर कांताबाईंनी पुढे स्वतःचा फड उभारला. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांनी सोंगाड्या म्हणून नाव मिळवून तो चालवला. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा जुना क्रम, आणि त्यात मध्येच प्रेक्षकांच्या फर्माइशीची चित्रपटगीते. जाणकार नाके मुरडतात, मात्र यात्रेतला तंबू त्याच गाण्यांनी भरतो. कांताबाईंना २००५ मध्ये विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला.