टपावरचं ओझं

भोर किंवा वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, 'टपावर काय काय चढायचं?' यादी संपता संपत नाही. तांदळाची पोती, करवंदांच्या पाट्या, फणस, कोंबड्यांची खुराडी, सायकली, लग्नाच्या रुखवतातलं कपाट, घराचे पत्रे. आणि जागा उरली की माणसं.

टप म्हणजे टांग्याचं छप्पर. मोटार आली तेव्हा तो शब्द तिच्याही डोक्यावर जाऊन बसला. त्या टपावर लोखंडी पाइपांचा जो कठडा असतो, त्याला आपण कॅरियर म्हणतो. शहरात तो हौसेचा किंवा वर्षातून एकदा गोव्याला जाण्यापुरता. भोर-वेल्ह्यात मात्र अनेक वर्षं बाजार त्याच्यावरच चालला. रस्त्यांचा इतिहास लिहिताना आपण डांबर, पूल आणि घाट मोजतो. माणूस गेला, पण त्याच्यासोबत त्याचं ओझं कसं गेलं, हे सहसा कुणी लिहीत नाही. म्हणून हा कॅरियरचा इतिहास.

बैलाच्या पाठीवरून मोटारीच्या डोक्यावर

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशीतले. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले, आणि त्यांच्यामधून नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांची खोरी. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर डोंगर ओलांडायचा. भात भरपूर पिकतं, आंबेमोहोरासाठी हा भाग ओळखला जातो. पण विकायचं ते पुण्यात. भोर पुण्यापासून सुमारे 50 किलोमीटर. वेल्ह्याला जायचं तर सातारा रस्त्यावर चेलाडीला वळून नसरापूरमार्गे आत.

त्याआधीची वाहतूक बैलांची. कोकणातून मीठ घाटांनी वर यायचं, देशावरचं धान्य खाली उतरायचं. बैलाच्या पाठीवर गोणी लादताना एक नियम असायचा: दोन्ही बाजूंना सारखं वजन, आणि ते पाठीच्या खाली लोंबेल असं. अरुंद पायवाटेवर वजन जितकं खाली, तितकं जनावर स्थिर. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला गुरुत्वमध्य या लोकांना पाठ होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

मोटारीने हा नियम उलटा केला. आतली जागा पैसे देणाऱ्या माणसांना, ओझं डोक्यावर. एसटीच्या आधी खासगी सर्व्हिस मोटारी धावायच्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं तेव्हा देशभर अनेक गाड्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. इंजिनाची ताकद घटली, गाड्या कमी झाल्या, माणसं आणि ओझी तेवढीच राहिली. टपाला पर्याय नव्हता.

सरकारी टप

8 मार्च 1948 रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 1 जून 1948 ला, पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पंतसचिवांची राजवट गेली आणि सरकारी मोटार आली, हे दोन्ही एकाच उन्हाळ्यातलं.

जुन्या एसटीचं मागचं अंग आठवतं का? तिशीच्या आतल्यांना कदाचित नाही. मागच्या काचेशेजारी एक लोखंडी शिडी असायची, वर बसच्या लांबीचा मोठा भाग व्यापणारा पाइपांचा कठडा. हमाल पोतं पाठीवर घेऊन ती शिडी चढायचा, वरचा माणूस ते ओढून घ्यायचा, कंडक्टर खाली उभा राहून सामानाचं तिकीट फाडायचा. म्हणजे टपावरचं ओझं चोरून नेलेलं नव्हतं, त्याची पावती मिळायची. वेल्ह्याच्या डोंगरातल्या बाईने पहाटे तोडलेली करवंदं दुपारी पुण्यात विकली जायची ती या शिडीमुळे.

आणि हे कॅरियर अभियांत्रिकीच्या दृष्टीने नीट विचार केलेलं होतं. बसचं छप्पर म्हणजे नुसता पत्रा नाही. त्याखाली ठरावीक अंतरावर कमानी असतात, त्या खाली खांबांना जोडलेल्या असतात. कॅरियरचे पाय त्या कमानींवर बसवले की वजन पत्र्यावर न येता खांबांतून चासीपर्यंत उतरतं. एसटीचा मध्यवर्ती कारखाना पुण्यातच, दापोडीला. गाड्यांचे सांगाडे तिथे बांधले जायचे. ही अक्कल तिथून गावोगावच्या गॅरेजांत झिरपली असणार, असा माझा अंदाज.

जीप आणि वडाप

एसटी मुख्य रस्त्यापर्यंत यायची. तिथून वाड्या-वस्त्यांपर्यंत दिवसातून एखादी फेरी, पावसाळ्यात तीही नाही. ती पोकळी जीपने भरली.

जीप मूळची अमेरिकन लष्कराची. महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची जुळणी भारतात सुरू केली. पुढे लांब चासीच्या कमांडर आणि मार्शल आल्या, पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली, आणि पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' हा शब्द रुळला. भरली की निघणारी गाडी. 'भरली' म्हणजे किती, हे ड्रायव्हर ठरवणार.

इथे कॅरियरपुढे नवाच प्रश्न आला. अनेक जीपना पक्कं छप्परच नव्हतं. लोखंडी कमानींवर ताडपत्री ताणलेली. ताडपत्रीवर पोतं कसं ठेवणार? गावच्या वेल्डरने उत्तर काढलं: कॅरियरचे पाय छपरावर टेकवायचेच नाहीत. पुढचे पाय काचेच्या चौकटीपाशी, मागचे थेट बॉडीच्या कडेपर्यंत खाली आणायचे, आणि वर एक स्वतंत्र सांगाडा उभा करायचा. ताडपत्री फक्त पाऊस अडवणार, वजन सांगाडा पेलणार. घर बांधताना भिंतींऐवजी खांबांवर स्लॅब टाकतात, तीच कल्पना. याचं ड्रॉइंग कुणी केलं नाही, पेटंट कुणी घेतलं नाही.

पण याच मजबूत सांगाड्याने माणसांना वर बसायची सोय झाली. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 123 स्पष्ट सांगतं की टपावर, बॉनेटवर किंवा फुटबोर्डावर प्रवास करायचा नाही. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या पोराला मात्र पुढची गाडी दोन तासांनी असायची. कायदा बरोबर होता, पोरगंही चूक नव्हतं. मधे कुठेतरी गाडीच कमी होती.

व्हॅन, पन्हळ आणि अडीच पाइप

1984 मध्ये मारुतीची व्हॅन आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं. 796 सीसीचं इंजिन, सरकते दरवाजे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छपराच्या दोन्ही कडांना पन्हळ. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे जोडले जातात तिथे दुमडलेली ही उभी कड. पावसाचं पाणी दारात गळू नये म्हणून ती असते. पण तिथे दोन-तीन पत्रे एकत्र वेल्ड केलेले असल्याने ती छपराची सगळ्यात भक्कम रेषाही ठरते. भोक न पाडता कॅरियर बसवायला याहून चांगली जागा नाही.

गेल्या वर्षी माझ्या मामेभावाच्या जुन्या ओम्नीवर आम्ही असं कॅरियर भोरमधल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवून घेतलं. हिशेब सांगतो. लांबी 1.6 मीटर, रुंदी 1.1 मीटर, पाच आडव्या पट्ट्या, तीन बाजूंना बुटका कठडा, सहा पाय. एक इंची चौकोनी पाइप, 16 गेज. एकूण पाइप लागला सुमारे 15 मीटर. पाइप 6 मीटरचा मिळतो, म्हणजे अडीच पाइप. याचं वजन मीटरला साधारण 1.2 किलो, म्हणजे सांगाडा 18 किलोंचा. जाड पाइप घेतला तर मजबुती वाढते, पण टपावरची जागा त्या लोखंडानेच खाल्ली जाते.

दुकानदाराने आधी चौकट जमिनीवर गुण्याने जुळवली, नुसते टाके मारले, गाडीवर ठेवून पाहिली आणि मगच पूर्ण वेल्डिंग केलं. गाडीवर वेल्डिंग अजिबात नाही: ठिणग्यांनी काच आणि रंग जातो, आणि वायरिंगचीही भीती. पायांच्या खाली पन्हळीला पकडणारे क्लँप, मधे जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या. रबर नसेल तर लोखंड रंग खरवडतं, आणि वेल्ह्याच्या पावसात दोन वर्षांत पन्हळ गंजते. क्लँपचा खालचा जबडा सरकत्या दाराच्या वरच्या कडेला घासत नाही ना, हे दार दहा वेळा उघडून पाहिलं. दोन हात रेड ऑक्साईड, वर काळा ऑइलपेंट. पन्नास किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा आवळले, कारण रबर पहिल्यांदा दबतं आणि पकड सैल होते.

पण दुकानदाराचा पहिला प्रश्न मापाचा नव्हता. 'वर किती टाकणार?' असा होता. समजा, माणसांसकट व्हॅन 1100 किलोंची आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर. टपावर, म्हणजे 1.85 मीटर उंचीवर, 75 किलो ठेवले तर गुरुत्वमध्य जवळपास 73 सेंटिमीटरवर जातो. 150 किलो ठेवले तर 79 वर. वजन वाढलं 14 टक्क्यांहून कमी, पण गाडी कलंडण्याची सीमा सुमारे 18 टक्क्यांनी जवळ आली. चाकांमधलं अंतर जेमतेम 1.2 मीटर असलेल्या गाडीला वरंध घाटाच्या वळणावर हा फरक जाणवतो. आम्ही 50 किलोंची मर्यादा ठरवली आणि ती कॅरियरवरच रंगाने लिहिली.

आता

2005 मध्ये टाटा एस आली, सोबत पिकअप वाढल्या, आणि ओझ्याला स्वतःची गाडी मिळाली. तांदूळ, दूध, पत्रे टपावरून खाली उतरले. खरं तर बैलाच्या गोणीचा नियम परत आला: वजन खाली. एसटीच्या मागची शिडी आता क्वचितच दिसते. ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कलम 52 चा अर्थ लावताना सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. नव्या गाड्यांना पन्हळही नसते. छपरावर किती वजन चालेल ते पुस्तिकेत छापलेलं असतं आणि कॅरियर दुकानात तयार मिळतं. थुले ही स्वीडिश कंपनी 1942 पासूनची, टपावरची कॅरियर 1960च्या दशकात बनवू लागली आणि त्यावर जगभर मोठी झाली. राजगडाच्या पायथ्याला रविवारी उभ्या गाड्यांवर तसली कॅरियर दिसतात, त्यांवर तंबू आणि सॅक.

सुरक्षिततेच्या बाजूने हे सगळं चांगलंच झालं. जुन्या टपाचं गोडवं गाताना घाटात उलटलेल्या जीप विसरता येत नाहीत. पण ज्यांच्यामुळे पन्नास वर्षं इथला बाजार चालला, त्या वेल्डरांची कामं आता किलोच्या भावाने भंगारात जातायत, आणि त्यांची ना मापं कुठे नोंदलेली आहेत, ना फोटो.

भोरला गेलात तर भंगाराच्या दुकानात एखादं कॅरियर पडलेलं दिसेल. त्याचे पाय बघा. लांब, थेट बॉडीपर्यंत जाणारे असतील तर ते ताडपत्रीच्या जीपचं. आखूड आणि टोकाला चिमटा असेल तर पन्हळीच्या व्हॅनचं. सपाट पट्ट्या आणि बोल्टची भोकं असतील तर बसचं. फोन खिशात असतोच. शेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढा, आणि दुकानात कुणी जुना माणूस बसला असेल तर हे कुणी बनवलं होतं, तेही विचारून घ्या.