मोरबाथची हिशेबवही

इंग्लंडच्या डेव्हन काउंटीत एक्समूरच्या माळरानालगत वसलेले मोरबाथ हे सोळाव्या शतकात जेमतेम 33 कुटुंबांचे पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या आणि त्याच्या पाद्र्याच्या कक्षेत येणारे गाव होते. 1520 मध्ये येथे आलेला पाद्री ख्रिस्टोफर ट्रिकी 1574 मध्ये मृत्यू येईपर्यंत चार राजवटी पाहत या एकाच गावात राहिला आणि चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारे ग्रामस्थ, यांच्या वतीने वर्षानुवर्षे हिशेब लिहून तो सर्वांसमोर वाचून दाखवीत राहिला.

या वहीत प्रकटणारी गावाची धर्मश्रद्धा मेंढ्यांच्या लोकरीवर उभी होती. चर्चमधील संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या तेवत राहाव्यात म्हणून 'स्टोअर' नावाचे निधी असत. त्यांच्या मालकीच्या मेंढ्या घरोघरी वाटून दिलेल्या असत आणि लोकर विकून आलेला पैसा निधीत जमा होई. तरुण मुलांचा आणि अविवाहित मुलींचा निधी वेगवेगळा असल्याने सार्वजनिक पैशाची जबाबदारी लहान वयातच अंगावर पडे. शिवाय 'चर्च-एल' या उत्सवात मद्यविक्रीतून चर्चसाठी पैसा उभा राही.

आठव्या हेन्रीच्या शासनाने 1538 मध्ये मूर्तींपुढील बहुतेक दिव्यांवर बंदी घातली तेव्हा या निधींचे प्रयोजनच संपले, आणि 1547 मध्ये गादीवर आलेल्या सहाव्या एडवर्डच्या काळात मूर्ती, मेंढ्या व उत्सव हे सारेच गेल्याने चर्चची तिजोरी रिकामी पडली. 1549 मध्ये लॅटिन उपासनेऐवजी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे होताच डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये उठाव झाला. त्यात मोरबाथने पाच तरुणांना गावाच्या खर्चाने एक्झेटरजवळील बंडखोरांच्या छावणीत धाडले, पण ऑगस्टमध्ये तो उठाव रक्तपाताने चिरडला गेला. 1553 मध्ये राणी मेरीने कॅथलिक उपासना पुन्हा सुरू केली, तेव्हा ग्रामस्थांनी घरांत जपून ठेवलेल्या वस्तू चर्चला परत दिल्या. पुढे एलिझाबेथच्या राजवटीत मात्र नवा प्रॉटेस्टंट पंथच स्थिरावला.

इतिहासकार इमन डफी यांच्या 2001 मधील ग्रंथामुळे ही वही जगभर पोहोचली. धर्मसुधारणेचा इतिहास बहुधा राजे, धर्मशास्त्री आणि संसदेचे कायदे यांच्या अंगाने सांगितला जातो. मोरबाथचा हिशेब मात्र दाखवतो, की लंडनच्या फर्मानाने गावाची केवळ उपासनापद्धती बदलली नाही, तर सामान्य शेतकऱ्यांना, तरुणांना आणि मुलींना सार्वजनिक कारभारात हक्काचे स्थान देणारी व्यवस्थाच मोडून टाकली, आणि तिच्या जागी तितकी सर्वसमावेशक दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही.