पाय मोडलेलं अक्षर आणि बंद पडणारे फोन

हार्बर लाइनवरच्या एका स्टेशनचं नाव फोनवर टाइप करून बघा: मानखुर्द. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. फोन मात्र आठ खुणा साठवतो: म, काना, न, ख, उकार, र, पाय मोडायची खूण आणि द. आता शेवटचा द पुसा. त्याच्या डोक्यावरचा रफार नाहीसा होतो आणि पाय मोडलेला र पुन्हा ओळीत येऊन बसतो. म्हणजे रफार कुठे साठवलेलाच नव्हता. फोन तो दर वेळी नव्याने काढत होता.

ही पद्धत आपल्याकडेच ठरली. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम झालं. त्यातून इस्की हे मानक आलं. भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केलं. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. तत्त्व साधं होतं: जोडाक्षरं साठवायची नाहीत. सुटे वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवायचे, आणि ते जोडायचं काम अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्रामवर सोडायचं. शेकडो जोडाक्षरांना वेगवेगळे क्रमांक देण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं होतं. पण त्यामुळे त्या प्रोग्रामचं काम अवघड झालं. एकट्या र चीच रूपं बघा: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या.

आयफोनमध्ये हे काम कोअरटेक्स्ट नावाचा भाग करतो. मे २०१५मध्ये एक मेसेज फिरला. तो नोटिफिकेशनमध्ये दिसला की आयफोन बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. त्यात इंग्रजी शब्द, अरबी आणि चिनी अक्षरं होती, आणि देवनागरीतली दीर्घ ॡ ची मात्राही. बातम्यांत तिला ‘मराठी अक्षर’ म्हटलं गेलं. आपल्याला ऱ्हस्व ऌ सुद्धा ‘क्ऌप्ती’पुरताच भेटतो. दीर्घ ॡ चा तर एकही शब्द आपण लिहीत नाही. तरी नाव मराठीचं झालं.

फेब्रुवारी २०१८मध्ये पुन्हा तेच. या वेळी तेलुगूतलं ‘ज्ञा’ हे अक्षर असलेला मेसेज आला की व्हॉट्सॲप, मेसेंजर, जीमेल बंद पडायचे. टेलिग्राम मात्र चालू राहायचं. नोटिफिकेशनमध्ये ते अक्षर आलं तर फोनची होम स्क्रीनच कोसळायची. जगभर त्याला ‘तेलुगू अक्षराचा बग’ म्हटलं जाऊ लागलं. पण ‘ज्ञान’ हा शब्द तेलुगू लोक रोज लिहितात. मग त्यांचे फोन रोज का पडत नव्हते?

कधी होतो, कधी होत नाही असा क्रॅश प्रोग्रामरला सर्वांत जास्त छळतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य अशाच वेळी ऐकू येतं. यावर उपाय एकच आणि कंटाळवाणा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पडला की नाही ते लिहून ठेवायचं, पुन्हा बदलायची.

आयआयटी मुंबईत शिकलेले आणि तेव्हा मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी हे केलं. कोअरटेक्स्टचा कोड बाहेरच्या कुणाला बघायला मिळत नाही. त्यामुळे अक्षरं बदलत बाहेरूनच अंदाज घ्यायचा होता. पहिली गोष्ट अशी की फिरणाऱ्या ‘ज्ञा’मध्ये एक न दिसणारी खूण होती: झीरो विड्थ नॉन-जॉइनर. तिचं काम जोडाक्षर होऊ न देणं. मराठीत ‘वाक्‌प्रचार’ लिहिताना क चा मोडलेला पाय दिसत राहावा म्हणून ती वापरतात. इथे मात्र ती जोडाक्षर पूर्ण झाल्यावर, काना यायच्या आधी बसली होती, जिथे तिला काहीच काम नाही. साधं ‘ज्ञान’ लिहिणाऱ्याचा फोन म्हणूनच शाबूत राहत होता.

दुसरी गोष्ट अशी की बंगालीतल्या एका अक्षरानेही फोन पडत होता, म्हणजे दोष तेलुगूचा नव्हता. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवल्यावर सांगाडा दिसला: व्यंजन, पाय मोडायची खूण, दुसरं व्यंजन, ती अदृश्य खूण, मग स्वराची मात्रा. तेलुगूत दुसरं व्यंजन कुठलंही चालत होतं, बंगालीत फक्त र किंवा य. देवनागरीत एकच: र.

म्हणजे ‘चक्र’मधल्या क्र ला ती अदृश्य खूण आणि वर वेलांटी लावली, की देवनागरीतही फोन पडणार. पण पहिलं व्यंजन र असेल आणि त्याचा रफार होत असेल, तर नाही. मानखुर्दच्या र्द मध्ये र पहिला आहे आणि दुसरा द, म्हणून ते नाव सुरक्षित. दोन तुकड्यांत दिसणाऱ्या काही मात्राही सुटत होत्या. कन्नड का सुटते, हा प्रश्न त्यांनी लेखात मोकळाच ठेवला.

हा नियम सापडायला कोडपेक्षा लिपीची जाण जास्त लागली. र कधी डोक्यावर चढतो आणि कधी पायाशी येतो, हे आपण दुसरीतल्या शुद्धलेखनात शिकलेलो असतो. ज्याला ते माहीत नाही, त्याला ही अक्षरं म्हणजे विचित्र नक्षी वाटते आणि क्रॅश म्हणजे नशीब.

१९ फेब्रुवारी २०१८ला ॲपलने आयओएस ११.२.६ आणून दुरुस्ती केली. नोंदीत कोअरटेक्स्टचं नाव होतं आणि कारण होतं मेमरी बिघडणं. मेमरी बिघडते तेव्हा काय होतं? आपण भिंतीत खिळा ठोकतो आणि पलीकडच्या घरातली फळी पडते, तीही कदाचित उद्या. असे दोष लहरी वाटतात ते यामुळेच.

‘तेलुगू बग’ हे नाव मात्र अजून चिकटलेलं आहे. तेलुगूने नियम पाळले होते, देवनागरीनेही. चुकला तो अक्षरं जोडणारा प्रोग्राम.

म्हणून तुमचा एडिटर मराठी लिहिताना मध्येच बंद पडला, तर ‘मराठी फॉन्टचा प्रॉब्लेम असेल’ म्हणून सोडून देऊ नका. ती ओळ नव्या फाइलमध्ये टाका, एकेक खूण पुसत जा आणि कुठली पुसल्यावर क्रॅश थांबतो ते बघा. जी उरेल, ती नेमकी लिहून कळवा.